पुढची तारीख

नवरा जाऊन चार महिने झाले आणि मी अजून रडलेले नाही. नणंद म्हणते, वकिलीण ती, पुरावा मागे ठेवायची नाही. म्हणू दे. मला खरंच काही वाटत नव्हतं. दात काढल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं सगळंच झालं होतं.

ऑफिस आमचं दोघांचं. त्याची प्रकरणं त्याच्या वहीत, माझी माझ्या डोक्यात. तो गेल्यावर पंधरा दिवसांत त्याची एक तारीख माझ्याकडून चुकली आणि एका म्हाताऱ्याचा दावा निकालात निघता निघता वाचला. तेव्हा ठरवलं, सगळं सॉफ्टवेअरमध्ये घालायचं. तीन कंपन्यांची पाहिली. पहिल्यात एक तारीख टाकायला सात ठिकाणी दाबावं लागायचं. दुसऱ्याचा माणूस इतकं गोड बोलला, की याच्यावर कुठेतरी दावा चालू असणार असं मला वाटलं. तिसरं बरं होतं, म्हणून आमचे कारकून, नाना, चाचणीसाठी वही त्यात उतरवायला बसले. तीन आठवडे, दोन बोटांनी, डोळ्यांत तेल घालून.

त्या वहीचा नियम नवऱ्याचा. वहीत नंबर पडल्याशिवाय प्रकरणाचा एक कागद लिहायचा नाही, आणि पुढची तारीख टाकल्याशिवाय पान उलटायचं नाही. सख्ख्या वडिलांचं मृत्युपत्र केलं तेव्हाही त्यानं आधी नंबर घातला होता.

सोमवारी कंपनीची मुलगी आली. हसतमुख, चटपटीत.

"नवा अशील आला की आधी त्याचं नाव इथे टाकायचं, मॅडम. पूर्वी कधी आपण त्याच्याविरुद्ध उभे असलो, तर लाल दिसतं. टाका ना कुठलंही नाव."

कुठलंही नाव टाका म्हटलं की माणूस स्वतःचंच टाकतो. मीही टाकलं.

लाल झालं. विरुद्ध पक्ष, मी. अशील, माझा नवरा. प्रकार, घटस्फोट. नोंद नऊ वर्षांपूर्वीची. स्थिती, चालू. पुढची तारीख, येता गुरुवार.

"नावासारखी नावं असतात, मॅडम," मुलगी घाईघाईनं म्हणाली.

"असतात." मी तिला चहा दिला, दोन दिवसांत कळवते म्हटलं, जिन्यापर्यंत सोडायलाही गेले. जिन्यावरचा दिवा गेलाय, तो बदलायला हवा, एवढंच मनात आलं.

परत आले तर नाना खुर्चीतून उठून उभे होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"वही माझ्याच ताब्यात असते, वहिनी."

"मग वगळायचं की."

"आलं होतं मनात. पण एक वगळलं, की बाकीच्या वहीवर भरवसा कोण ठेवणार?"

मी हात पुढे केला. त्यांनी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणातून फाइल काढून दिली. चपटी, कधी हाताळलेली नाही अशी.

नऊ वर्षांपूर्वीचं ते वर्ष मला आठवतं. तेव्हा आम्ही एकमेकांशी नानांमार्फत बोलायचो. साहेबांना सांगा चहा आलाय. बाईंना सांगा मला नकोय. कशावरून, तेही आठवतं, पण ते आमच्या दोघांतलं आहे. पुढे कधीतरी नानांना मधे घेणं बंद झालं, आणि मी समजले की संपलं.

आत अर्जाची दोनच पानं होती. लग्नाची तारीख बरोबर, पत्ता बरोबर. "कारणे" असं लिहून खाली पान कोरं. फाइलच्या आतल्या बाजूला मात्र नऊ वर्षांच्या नऊ तारखा, त्याच्या अक्षरात, आणि प्रत्येकीपुढे तेच एक वाक्य, "अशिलाकडून सूचना नाहीत." शेवटची नोंद गेल्या वर्षीची, त्याचं दुखणं कळायच्या आदल्या आठवड्यातली.

तेव्हा मला राग आला. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, ते हे. अरे, नऊ वर्षं! दाखल करायचा नव्हता तर फाडून टाकायचा होतास. शेजारच्या टेबलावर बसून माझ्या डब्यातलं खायचं, माझे चष्मे शोधून द्यायचे, आणि वर्षातून एकदा मला पुढची तारीख द्यायची! लोक म्हणायचे, जोडी असावी तर अशी. म्हणजे जायचं होतं की राहायचं होतं? विचारायचं तरी कुणाला?

सॉफ्टवेअर तेच घेतलं. चांगलं आहे, काही लपवत नाही.

गुरुवारी सकाळी दहाला नानांच्या संगणकावर घंटी वाजली. आजची तारीख, प्रकरण एक. नानांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "बंद करायचं ना, वहिनी?"

"नाही. माझं म्हणणं अजून कुणी ऐकलेलं नाही. पुढच्या वर्षीची तारीख टाका."

त्यांनी टाकली. पण कारणाचा रकाना भरल्याशिवाय ते पुढे सरकेना.

"कारण काय लिहू?"

मी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. त्याचा चष्मा अजून तिथेच होता, काड्या उघड्या.

"लिहा," मी म्हटलं, "अशील गैरहजर."

माझा आवाज फुटला. नाना खाली मान घालून, दोन बोटांनी, एकेक अक्षर लिहीत राहिले.