बंद गाडीचा पंखा

शनिवारचा बैलबाजार सोडून काष्टीची माणसं दुसरीकडं गर्दी करतात, हे मी एवढ्या वर्षांच्या नोकरीत दोनच शनिवारी पाहिलं, तेही लागोपाठ. शहाण्णव सालचा उन्हाळा होता. भीमराजच्या अंगणात पांढरी मोटार उभी होती, बॉनेट उघडं होतं आणि भोवती दीडदोनशे माणसं चपला काढून उभी होती. गाडी बंद होती. किल्ली चिमटे महाराजांनी सगळ्यांना दिसेल अशी तळहातावर धरली होती. आणि आत रेडिएटरमागं पंखा गरागरा फिरत होता.

महाराजांनी सहादेवला इंजिनावर हात ठेवायला लावला. सहादेव म्हणजे नदीकाठचा ऊसवाला, कुणाला न भिणारा. त्यानं भीत भीत हात ठेवला आणि इंजिन गार असल्याचं सांगितलं.

"यंत्र थंड, किल्ली बाहेर, तरी चक्र चालू," महाराज म्हणाले. "ही वासना आहे. वासनेला पेट्रोल लागत नाही."

मग त्यांनी गाडीला तीन फेऱ्या मारल्या, डोळे मिटले, पुटपुटले आणि हातभर लांबीचा चिमटा आत घालून टणकन हाणला. पंखा मंदावला आणि थांबला. शेजारची दगडाबाई सत्तरीची, गुडघे धरलेली, पण तीही महाराजांच्या पायावर आडवी झाली.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. त्या दिवशी मी काय केलं? तोंड मिटून घरी आलो. माझं वाहनज्ञान सायकलीच्या पुढं कधी गेलं नव्हतं, आणि आपल्याला ठाऊक नाही हे कबूल करायला मास्तराला भारी जड जातं.

भीमराजनं ती गाडी पुण्याहून जुनी आणली होती, लग्नकार्याच्या आणि देवदर्शनाच्या भाड्यासाठी. आजवर त्यानं ट्रॅक्टर चालवला, जीप चालवली. तिथला पंखा पट्ट्यावर फिरतो. इंजिन थांबलं की पट्टा थांबतो आणि पट्ट्याबरोबर पंखा. या गाडीत पट्टा पंख्यापर्यंत जातच नव्हता. गाडी लांबून आली, किल्ली काढली, तरी पंखा फिरतच राही, तासन् तास, बॅटरी संपेपर्यंत. गावातले मेकॅनिक डिझेलवाले. त्यांनी आत डोकावून मान हलवली आणि गाडीत काहीतरी आहे असं सांगून मोकळे झाले.

काहीतरी आहे म्हटल्यावर महाराज आलेच. महिन्यापूर्वी ओढ्याकाठी पाल ठोकून बसले होते, बरोबर बन्सी नावाचा चेला. त्यांनी चिमटा हाणला की पंखा थांबे, पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग त्यांनी हिशेब जुळवला. गाडी कधी आली? लग्नानंतर तिसऱ्या दिवशी. सून कुठली? नगरची. बस, ठरलं. बाधा सुनेच्या पावलानं आली. उपायही तयार होता: सुनेनं तीन अमावास्या माहेरी काढायच्या आणि तोवर गाडी महाराजांच्या पालापाशी बंधनात ठेवायची. बंधनातल्या गाडीतून बन्सी रोज दौंडला भाजी आणायला जाणार होता, ही गोष्ट वेगळी.

सून म्हणजे यशोधरा. लग्नाला पुरता महिना झाला नव्हता. वडील नगरला मोटारींच्या वायरिंगची कामं करायचे, ते दोन वर्षांपूर्वी वारले. माहेर म्हणजे भावाची एक खोली आणि पाठ फिरवून बसणारी भावजय. तीन अमावास्यांसाठी पाठवलेल्या सुना परत आल्याचं गावानं पाहिलेलं नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मला जास्त चीड आली ती याची, की घर सहादूचं होतं. सहादू म्हणजे भीमराजचा बाप, ऊसवाला सहादेव वेगळा. त्याच्या बापानं छप्पन्न साली दीक्षा घेतलेली, आतल्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. त्याच भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आता काळी बाहुली लोंबत होती. सहादू त्या दिवसांत तसबिरीकडं पाठ करून जेवायचा.

मंगळवारी यशोधरा माझ्या शाळेत आली. डोक्यावर पदर, हातात वहीचा फाटका कागद. कागदावर पेन्सिलीनं काही आकडे होते.

"सर, दौंडला स्पेअर पार्टच्या दुकानात एवढी वस्तू मिळंल. मला कुनी गावाबाहेर जाऊ देत न्हाई."

मी विचारलं, काय आहे हे? ती म्हणाली, रिले. पंख्याचं बटन. मग तिनं मला एक प्रश्न विचारला आणि मी वीस वर्षं विज्ञान शिकवल्याची मला लाज वाटली.

"बाधा गाडीभर हाय म्हनत्यात. मग म्हाराज चिमटा दरखेपी त्या एकाच काळ्या डबीवर का हानत्यात?"

मी बुधवारी दौंडला गेलो.

शनिवारी महाराज गाडी न्यायला येणार होते. यशोधराची पत्र्याची पेटी सकाळीच उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेली होती. पेटी सासूनं, भागिरथीनं काढली होती. भीमराज खाली मान घालून पेटीशेजारी बसला होता. गर्दी मागच्या शनिवारपेक्षा मोठी होती. गाडी नुकतीच भाड्यावरून आलेली, किल्ली काढलेली आणि पंखा चालू.

महाराज येण्याआधीच यशोधरा अंगणात उतरली. पदर खोचला, हातात दहा नंबरचा पाना. भागिरथी आडवी आली. बाईमाणसाचा हात लागला तर रक्त ओकशील, असं महाराजांनी सांगितलंय, म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरी भीती होती.

"आत्याबाई, ओकले तर समदं गाव बघंल. न्हाई ओकले तर तेबी बघंल. सर, तुमी किल्ली मामांच्या खिशात ठेवा."

मी किल्ली सहादूच्या खिशात टाकली. तिनं बॅटरीची वायर सोडली आणि पंखा थांबला. मग कडेचा एक स्क्रू काढून काडेपेटीएवढी काळी डबी बाहेर ओढली. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं तिचं झाकण उचकटलं आणि डबी माणसांत फिरवली. आत तारेचं एक बारकं रीळ होतं आणि त्यावर पत्र्याची जीभ. जिभेच्या टोकाचा ठिपका खालच्या ठिपक्याला चिकटून बसलेला, जळून काळा पडलेला.

एवढ्यात महाराज आणि बन्सी गर्दीतून वाट काढत आले. उघडी डबी पाहून महाराजांचा चेहरा क्षणभर अगदी माझ्यातुमच्यासारखा झाला. मग ते गरजले की सतराव्या आवर्तनाला विटाळ झाला, आता हे गाव जबाबदार. सतरावं कुठलं, मी मोजत होतो, चारच झाली होती.

यशोधरानं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती सहादेवकडं वळली.

"सहादेव मामा, तुमच्या विहिरीवरची मोटर लाल बटन दाबूनबी बंद होईना झाली, तर काय करता?"

"स्टार्टरचे पॉइंट चिकटलेले असत्यात," सहादेव म्हणाला. "काठीनं पेटीवर हानतो. सुटत्यात."

बोलून झाल्यावर तो स्वतःच थबकला. त्या गर्दीत विहीर नसलेला माणूस विरळा आणि स्टार्टरला काठी न मारलेला त्याहून विरळा. रोज सकाळी जे काम आपण शिव्या देत करतो, तेच महाराजांनी डोळे मिटून केलं म्हणून आपण चपला काढल्या होत्या. आधी एकजण हसला, मग चारजण. सहादेव मात्र हसला नाही, त्याचे कान लाल झाले होते.

यशोधरा तेवढ्यावर थांबली नाही. चिकटलेले ठिपके तिनं नखानं सोडवले, उघडी डबी परत जागेवर बसवली, बॅटरीची वायर जोडली. पंखा गप्प. मग तिनं दगडाबाईला हाताला धरून पुढं आणलं आणि बोटभर बांबूची कामटी तिच्या हातात दिली. आजी, ही जीभ खाली दाबा, म्हणाली. म्हातारीनं जीव मुठीत धरून दाबली. पंखा गरगरला. कामटी उचलली, पंखा थांबला. तिनं पुन्हा दाबली. मग पुन्हा. पाचव्या वेळेला ती महाराजांकडं बघत दाबत होती.

"ह्याच्यापायी माजं डोस्कं तुज्या पायावर ठिवलं व्हय मी?" ती म्हणाली.

महाराजांनी शेवटचा डाव टाकला. बाधा त्यांनी आधीच बांधली होती, म्हणूनच ही पोरगी वाचली, असं त्यांनी जाहीर केलं. यशोधरानं बन्सीला विचारलं की चेला होण्याआधी तो काय करायचा. बन्सी महाराजांच्या मागं सरकला. गर्दीतून कुणीतरी सांगितलं की तो पुण्यात टॅक्सी चालवायचा. त्यावर आणखी काही विचारायची गरज उरली नाही. डबी कुठं असते आणि कुठं हाणायचं, हे टॅक्सीवाल्याला कळणारच.

मग तिनं वायर पुन्हा सोडून मी आणलेला नवा रिले बसवला, स्क्रू आवळला, वायर जोडली. सगळं मिळून चहा उकळायला लागतो तेवढा वेळ. सहादूनं किल्ली दिली, भीमराजनं गाडी सुरू केली. इंजिन तापलं तसा पंखा आपोआप लागला. किल्ली काढली, पंखा थांबला. कुणी मंत्र म्हटला नाही, कुणी चिमटा मारला नाही. महाराज आणि बन्सी कधी निघून गेले ते कुणी पाहिलंही नाही, आणि त्या गडबडीत त्यांचा चिमटा बॉनेटवरच राहिला.

भीमराज हसत हसत गाडीतून उतरला. यशोधरा हसत नव्हती.

"पंखा दुरुस्त झाला," ती त्याला म्हणाली. "माजी पेटी अजून भायेर हाय."

तो पेटी उचलायला वाकला. तिनं हात आडवा धरला.

"ज्यांनी काढली, त्यांनी आत न्यायची."

भागिरथी जागची हलली. पेटी जड होती, तिला एकटीला उचलेना, पण कुणाला हात लावू न देता ती फरफटत उंबऱ्याच्या आत घेऊन गेली. सहादूनं काळी बाहुली तोडून चुलीत टाकली आणि बऱ्याच दिवसांनी भिंतीवरच्या तसबिरीकडं तोंड करून बसला.

ती जळकी डबी मी मागून घेतली. आज ती माझ्या वर्गातल्या टेबलावर आहे, आणि पोरांना मी एवढंच सांगतो: मला ठाऊक नाही, असं म्हणायला लाजू नका. मी लाजलो, म्हणून एका पोरीची पेटी उंबऱ्याबाहेर आली. कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी तो दरवेळी कुठं हाणतो, तेवढं बघा. आणि मग झाकण उचकटा.