मागाच्या खड्ड्यावरची फरशी

पहिल्यांदा खटकलं ते इतकं बारीक होतं, की कुणाला सांगायलाही लाज वाटावी. माझा एक कोपरा वाळला नाही.

खोली पुसून झाली होती. पंखा फिरत होता. शेजारच्या फरश्या बघता बघता राखाडी झाल्या, मी मात्र एका बाजूनं काळपटच राहिले. संघप्रियानं ते पाहिलं. आधी पायानं चाचपलं, मग वाकून तळवा टेकवला आणि चटकन काढून घेतला, जणू मी काहीतरी बोलणार होते.

तेव्हा बोलता आलं नाही. आता बोलतेय. मी एक शहाबादी फरशी. सोलापूरच्या पूर्व भागात, एका छोट्या घराच्या खालच्या खोलीत, भिंतीपासून जरा अलीकडे पडून असते. दगडाला काही कळत नाही असं माणसं समजतात. कळतं, फक्त उशिरा. आणि कळून करायचं काय, हे तर कधीच कळत नाही.

खाणीत आम्ही भाकरीच्या चवडीसारख्या एकीवर एक पडून होतो. छिन्नी बसली आणि मी सुटी झाले. दुखलं का, ते आठवत नाही. ट्रकमधून सोलापुरात उतरवताना माझ्या एका कडेचा टवका उडाला. टवका उडालेली फरशी कोण घेणार? वखारीच्या भिंतीला टेकून मी बरेच दिवस उभी होते.

नरसय्यानं मला घेतलं. टवक्यात बोट घालून बघितलं आणि म्हणाला, "मला हीच पाहिजे. ह्यात पहार घालून उचलता येतीय."

नरसय्या विणकर होता. त्याची खालची खोली रस्त्यापेक्षा काही पायऱ्या खोल होती, कारण तिथं त्याचा हातमाग होता. मागाखाली खड्डा. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, हातानं आडव्या सुताचा धोटा फेकायचा. मी आले तेव्हा माग निघून गेला होता, लाकडं विकली गेली होती, नुसता खड्डा उरला होता. तो भरताना नरसय्या एकटाच बडबडत होता, म्हणून मला हे सगळं माहीत.

सोलापूरची हवा कोरडी. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं. म्हणून त्याच्या वडिलांनी शेजारच्या न्हाणीघराच्या मोरीतून एक खापरी नळी भिंतीखालून ह्या खड्ड्यात आणली होती. अंघोळीचं पाणी थोडं थोडं खड्ड्यातल्या वाळूत मुरायचं. खड्डा ओलसर राहायचा, सूत मऊ राहायचं. घराचं सांडपाणी सुताच्या कामाला यायचं.

नरसय्यानं नळीच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबला, त्याच्याच मागावर विणलेल्या कापडाचा. वर चुना थापला. खड्ड्यात विटांचे तुकडे टाकले, सुताच्या फुटक्या कांड्या टाकल्या, वाळू टाकली. बाकीच्या फरश्या सिमेंटमध्ये बसवल्या. मला नुसत्या वाळूवर ठेवलं.

त्याची बायको सावित्रम्मा पायरीवर बसून बघत होती. "हिला सिमेंट नाही?"

"उद्या माग परत लावायचा झाला तर?"

"कोण बसणार हाय मागावर? तुझा जावई?" ती हसली. "त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही."

"असू दे की. माग नाही तर नाही, वाट तर राहील."

माग काही परत आला नाही. नरसय्या गेला. सावित्रम्मा रोज मला झाडायची, आणि माझ्याशी आली की झाडू जरा हळू चालवायची. मग तीही घर विकून भिवंडीला लेकीकडं गेली. जाताना तिनं नव्या माणसांना मोटारीचं बटण दाखवलं, मीटर दाखवलं, नळाला कधी पाणी येतं ते सांगितलं. माझ्याबद्दल बोलली नाही. घर देताना माणसं आवाज करणाऱ्या वस्तूंची माहिती देतात. गप्प पडलेल्यांची कोण देणार?

नवी माणसं म्हणजे हरिदास, त्यांची बायको आणि मुलगी संघप्रिया. मुलगा संघपाल पुण्याला नोकरीला. हरिदास एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झाल्यावर हे घर घेतलं. वरच्या खोलीत त्यांची बायको आजारी पडली आणि तिथंच गेली. त्यानंतर हरिदासांनी आपली खाट खाली आणली. खाटेचा एक पाय माझ्यावर टेकला.

तेव्हापासून ह्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. रडतही नाही. ताटं वाजतात, चप्पल वाजते, पंखा वाजतो. मला हे सोपं जातं, मी दगड आहे. त्या दोघांना कसं जमतं, कोण जाणे.

आई गेल्यावर संघपालनं बहिणीसाठी कपडे धुवायचं मशीन पाठवलं. ते न्हाणीघरात बसलं. नळ रोज येत नाही, त्यामुळं पाणी येईल त्या दिवशी आठवड्याचे सगळे कपडे एकदम निघायचे. मशीनचं पाणी भसाभसा मोरीत पडायचं. जुना बोळा किती दिवस टिकणार? कुजला. चुना सुटला. पाण्याला आपली जुनी वाट सापडली आणि ते खड्ड्यात उतरलं. तिथून वाळूतून वर, माझ्या अंगात.

हे मला ठाऊक होतं. संघप्रियाला नव्हतं.

ती मुलगी अशी, की कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. दारावरची बेल वाजली की आधी छातीवर हात, मग दाराकडं. घरातली माणसं तिच्या काळजीला हसायची, म्हणून ती हल्ली काळजी सांगतच नव्हती, नुसती करत होती. आधी तिनं माझ्यावर चटई टाकली. चटईला वास मारायला लागला. मग खोलीभर जाड प्लास्टिक अंथरलं. प्लास्टिकखाली मी ओलीच राहिले, आणि वर जायला जागा नाही म्हणून ओल भिंतीकडं सरकली. भिंतीचा रंग फुगला, त्याचे पापुद्रे सुटले, आतून पांढरी खारट भुकटी गळायला लागली.

तिनं प्लास्टिक काढलं. मिस्त्री आला. त्यानं नखानं भिंत खरवडली. "जमिनीची ओल हाय ताई. जुन्या घरात येतीच. वरून केमिकल मारू." त्यानं भिंतीला केमिकल मारलं. महिन्याभरात भिंत पुन्हा फुगली, ह्या वेळी खिडकीपर्यंत.

आणि हरिदास खोकायला लागले. आधी पहाटे, मग दिवसभर. बोलताना वाक्य अर्धं सोडून श्वास घ्यायला थांबायचे. डॉक्टरांनी छाती तपासली आणि खोलीबद्दल विचारलं. "ह्यांना त्या खोलीतून काढा," ते म्हणाले. "नाहीतर पुढच्या वेळी भरती करावं लागेल, आणि ह्या वयात एकदा फुप्फुस गेलं की परत येत नाही."

त्या दुपारी बापलेक माझ्यावर उभे राहून बोलले.

"पप्पा, वर चला. तुमची गादी वर घालते."

"वर झोप लागत न्हाय."

"खाली श्वास घेता येत नाही त्याचं काय?"

"येतोय की. हा बघ." त्यांनी श्वास घेऊन दाखवला आणि खोकत खाटेवर बसले. मग म्हणाले, "वर तिचा चष्मा हाय कपाटावर. झोपलं की तोच दिसतोय. हितं काय न्हाय. हितं बरं हाय."

"चष्मा उचलून ठेवते."

"नको. तिथंच असू दे."

खाटेच्या पायाशी बसून माझ्याकडं बघत राहिली. मग ती घरी शिकवणी घेते त्या मुलांचा एक खडू तिनं आणला आणि माझ्या ओल्या डागाभोवती रेघ ओढली. पुढच्या वेळी डाग रेघेबाहेर गेला, तिनं दुसरी रेघ ओढली. अशा रेघा वाढत गेल्या.

संघपालचा फोन आला तेव्हा हरिदासांनी त्याला एवढंच सांगितलं, "तुझी बहीण फरशीवर नकाशे काढतीया."

फोन शेवटच्या पायरीवर ठेवलेला होता, स्पीकर चालू. संघपाल हसला. "प्रिया, अगं ओल कुणाच्या घरात नसते? पावसाळा गेला की वाळेल."

"दादा, पावसाळा संपून गेला. आणि डाग पावसात वाढत नाही. नळाला पाणी येतं त्या दिवशी वाढतो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मला माहीत नाही. पण फरशी उचलून बघू या."

"बाप आजारी आणि तू घर उकरतीस? धूळ किती उडेल, कळतं का तुला? आणि तरीही काही निघालं नाही म्हणजे? उगं घाबरू नकोस."

तिनं फोन ठेवला आणि पायरीवरून माझ्याजवळ येऊन बसली. माझ्याशेजारी स्टीलचा तांब्या होता, तिच्या हाताचा धक्का लागून तो पडला. शेजारच्या फरशीवर 'टण्' वाजला आणि घरंगळत माझ्यावर आला तेव्हा 'ढब्' वाजला.

ती इतकी दचकली की मागं सरकली. मग हळूच पुढं आली. तांब्याच्या बुडानं शेजारची फरशी ठोकली. टण्. मला ठोकलं. ढब्.

इतक्या दिवसांत माझा आवाज पहिल्यांदा कुणीतरी ऐकला.

ती तशीच उठली आणि समोरच्या नागव्वाला घेऊन आली. नागव्वा ह्या गल्लीत लग्न होऊन आली ती कधी गेलीच नाही. ती पायऱ्या उतरतानाच बोलायला लागली. "हितंच की गं अव्वा, हितंच नरसय्याचा माग होता. खाली खड्डा. आमी बायका वरून बघायचो, माणूस अर्धा जमिनीत, अर्धा वर."

"खड्डा बुजवला का पक्का?"

"ते मला काय ठाऊक? बुजवला असंल. नरसय्या गेला. सावित्रम्माला इचार."

"पप्पा म्हणतात उकरू नको. दादाही नको म्हणतो."

"मग इचारून उकर." नागव्वानं माझ्यावर पाय आपटून बघितला. ढब्. तिनं भुवया उंचावल्या. "लई पोकळ वाजतीया. सावित्रम्माचा नंबर हाय न्हवं तुझ्याकडं?"

घर घेताना घेतलेला नंबर होता. संघप्रियानं लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी लावला, बंद होता. मग पुन्हा रिंग. खालच्या खोलीत रेंज नाही, शेवटच्या पायरीवर जेमतेम येते. म्हणून ती रोज तिथंच बसायची, गुडघ्यावर फोन, स्पीकर चालू, डोळे माझ्यावर. काय बोलायचं ते पुटपुटून बघायची. "नमस्कार, मी संघप्रिया. तुम्ही मला ओळखणार नाही." मग पुसून टाकल्यासारखं मान हलवायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

हरिदासांचा खोकला मधे मधे यायचा. एकदा खोकता खोकता त्यांचे ओठ निळसर झाले. तिनं त्यांना बसतं केलं, पाठ चोळली, पाणी पाजलं. ते शांत झाल्यावर ती पुन्हा पायरीवर येऊन बसली. तिचे हात थरथरत नव्हते. मला तेच बरं वाटलं नाही. दचकणारी मुलगी दचकायची थांबली होती.

म्हणून आज मी हे सगळं बोलतेय. तुम्ही कुणी ऐकत असाल तर तिला एवढं सांगा. मला फोडावं लागणार नाही, धूळ उडणार नाही. माझ्या कडेला टवका आहे. त्यात पहार घाला आणि वर उचला. मी सिमेंटमध्ये नाही, नुसती वाळूवर आहे. मला उचललं की खाली ओली वाळू लागेल, आणि वाळू काढली की भिंतीच्या बाजूला नळीचं तोंड दिसेल. ते पक्कं बुजवा. खड्डा वाळू द्या. त्यानंतर मला परत ठेवा नाहीतर अंगणात भिंतीला टेकून ठेवा. मला दोन्ही चालतं. त्या म्हाताऱ्या माणसाला ह्या घरात एकच खोली उरली आहे, ती त्याला कोरडी मिळू द्या.

आज नळाला पाणी आलं. न्हाणीघरात मशीन घरघरतंय. माझ्या पाठीखाली गार पाणी सरकत चाललंय आणि डाग शेवटच्या रेघेला टेकलाय. संघप्रिया पायरीवर बसलीय. हरिदास खाटेवर भिंतीकडं तोंड करून आडवे आहेत, झोपलेत की जागे, सांगता येत नाही.

तिनं नंबर लावला. रिंग वाजायला लागली. ती मोबाईलकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. रिंग वाजत राहिली, आणि नेहमीसारखी तुटेल म्हणून तिनं बोट पुढं केलं.

रिंग मधेच थांबली.

"हॅलो?"

संघप्रिया दचकली. फोन हातातून निसटता निसटता तिनं धरला. पाठ केलेलं सगळं विसरली.

"मी… मी तुमच्या घरातून बोलतेय."

पलीकडून सावित्रम्मा म्हणाली, "खालच्या खोलीतनं बोलतीस न्हवं? आवाज घुमतोय की. बोल अम्मा, फरशी वल्ली झाली का?"