डोळे शेवटी

“माइक लांब धर गं, तुझाच श्वास ऐकू येतोय सगळ्यांना,” बाबा म्हणाले आणि पहिल्या रांगेतल्या काकवा फिदीफिदी हसल्या.

मी मुळीच लाजले नाही. दहावीत गेल्यापासून लाजणं सोडलंय मी! जयपूरच्या मानसरोवर भागातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत यंदा सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, आणि ‘छंद आपला’ कार्यक्रमात शेवटी होते माझे बाबा.

“तर मंडळी, दिलीप सबनीस! दिवसभर विमा कार्यालयात आणि संध्याकाळी थेट दुसऱ्या महायुद्धात!”

टाळ्या पडल्या. टेबलावर सोव्हिएत रणगाड्यावरचे चार शिपाई उभे होते, माझ्या करंगळीएवढे. खोक्यातून ते करड्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांत येतात. हात, पाय, डोकी कापून सोडवायची, चिकटवायची, रंगवायची. तिघे पूर्ण झाले होते. चौथ्याचे, म्हणजे त्यांच्या साहेबाचे, फक्त डोळे राहिले होते. बाबा डोळे नेहमी शेवटी करतात. सोबत इवलासा गॉगलही येतो, पण तो ते टोपीवर चढवतात, डोळ्यांवर कधीच नाही. “डोळे झाकणं म्हणजे कॉपी करणं,” असं त्यांचं ठाम मत.

आज ते डोळे सगळ्यांसमोर रंगवायचे होते. निमिषदादाने आपला हँडीकॅम मोठ्या टीव्हीला जोडला होता. पडद्यावर त्या साहेबाचं नाक बटाट्याएवढं दिसत होतं.

“बघा हं, आता कुणी शिंकू नका,” मी म्हटलं. “बाबा श्वास रोखतात आणि एका टिपक्यात...”

ब्रशचं टोक पडद्यावर आलं आणि थरथरलं. बाबांनी हात मागे घेतला, मनगट टेबलाच्या कडेवर टेकवलं, पुन्हा पुढे नेला. पुन्हा तेच.

“हवा लागतेय का पंख्याची?” मागून गोपीनाथकाका ओरडले. “भैया, पंखा बंद करो!”

पंखा बंद झाला. टोक थरथरतच राहिलं.

मी आईकडे पाहिलं. ती टीव्हीकडे बघतच नव्हती. पर्स पोटाशी घट्ट धरून ती बाबांच्या उजव्या हाताकडे बघत होती. हल्ली ती बाबांना चहा अर्धाच कप का देते, ते मला त्या क्षणी कळलं. मी मात्र समजत होते, की साखर कमी करायची म्हणून.

“हो गया क्या?” कुणीतरी विचारलं. एक लहान मूल हसलं. बाबांच्या कानामागून घामाचा ओघळ निघाला होता.

मी दोन पावलं टाकली आणि कॅमेरा आणि टेबल यांच्यामध्ये जाऊन उभी राहिले.

“अगं उत्कर्षा, मध्ये आलीस! काही दिसत नाहीये!” निमिषदादा ओरडला.

“मतलब, मी दिसतेय ना? मग झालं तर!” मी माइकमध्ये म्हटलं. लोक हसले. मी हलले नाही. टीव्हीभर माझा पिवळा कुर्ता होता. काय काय बोलत सुटले कोण जाणे: रणगाड्याच्या आत किती उकडतं, डोकं आपटू नये म्हणून ती गुबगुबीत टोपी असते, आणि जयपूरच्या बसमध्येही ती द्यायला हवी. आवाज कापू नये म्हणून मी जास्तच जोरात बोलत होते.

“ऐक,” मागून बाबा हळूच म्हणाले. “धर जरा याला.”

मी वळून साहेबाला दोन बोटांत धरलं. डोळ्यांची जागा कोरीच होती. बाबांनी गॉगल उचलला, डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं आणि तो डोळ्यांवर टेकवून अंगठ्याने दाबून धरला.

“धूळ फार आहे,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “साहेबांनी गॉगल लावलाय.”

मी बाजूला झाले. टाळ्या कडाडल्या. गोपीनाथकाका म्हणाले, “वा! काय रुबाब आहे!”

घरी येताना स्कूटर बाबांऐवजी आईने चालवली.

बाबांचा बारीक ब्रश स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या पेल्यात कायम उघडा उभा असतो. त्याला टोपण लावा म्हटलं, की म्हणायचे, “उद्या लागणारच आहे.” त्या संध्याकाळी त्यांनी तो धुतला, ओठांत धरून त्याला टोक काढलं आणि आईला विचारलं, “विभा, याचं टोपण कुठे ठेवलंयस?”

आईने ते लगेच काढून दिलं. बसवायला त्यांना वेळ लागला. आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो, पण कुणी हात पुढे केला नाही.