पोटाखालची ऊब

उस्तादाच्या पायाला त्या आठवड्यात भिंगरी लागली होती. बेकरीतून घर, घरातून बेकरी. मधे फक्त एक रस्ता आणि दोन जिने, पण दिवसाला दहा फेऱ्या. पाव भट्टीत ढकलला की हा निघाला, पावाला रंग यायच्या आत परत हजर. "उस्ताद, घरी बाळंतीण आहे का?" असं एका कामगाराने विचारलं आणि शिव्या खाल्ल्या.

घरी बाळंतीण नव्हती, पाळलेली पाल होती. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, जाडजूड शेपूट आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की समोरच्याचं काहीतरी चुकलंय. लेक तिला 'मॅडम' म्हणायची, आणि आता बापालाही म्हणावं लागत होतं. लेक प्रयोगशाळेत नोकरीला. दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी परगावी गेली होती, शेवटी परीक्षा, ती पास झाली तर वरची जागा. जाताना तिने मॅडमची काचेची पेटी बापाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही सांभाळाल?"

एवढंच. पण आठ वर्षांत तिने बापाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. बेकरीत येणार नाही म्हणाली तेव्हा उस्तादाने तिला नको नको ते ऐकवलं होतं. पोरगी पण त्याचीच! तिनेही तोंड फिरवलं ते फिरवलंच. वर्षातून दोनदा यायची, 'बरे आहात ना' विचारायची, चहा अर्धा ठेवून निघायची. तिला काय मैत्रिणी नव्हत्या? एखादीकडे सहज ठेवता आली असती पाल. बापाकडे ठेवली. उस्तादाला इतका आनंद झाला की त्याने पेटीखालचं टेबल आधी दोनदा पुसून घेतलं.

पेटीतली व्यवस्था साधी होती. एका टोकाला काचेच्या तळाखाली विजेवर तापणारी पातळ चटई. मॅडमना अन्न पचवायला पोटाखाली ऊब लागायची. दुसरं टोक गार, नको झालं की तिकडे जाऊन बसायला. चटई आणि प्लग यांच्यामध्ये एक डबी, थर्मोस्टॅट. डबीची एक वायर पेटीत उतरून चटईच्या वरच तळाला चिकटवलेली. तळ बत्तीस अंशांवर गेला की डबी वीज तोडायची, खाली आला की परत जोडायची. "डबीला हात लावू नका," लेकीने दोनदा बजावलं होतं.

तिसऱ्या दिवशी पेटी पुसताना उस्तादाने ती वायर बादलीतल्या पाण्यात बुडवली. मुद्दाम नव्हे हो, सुटून पडली. डबीवरचा आकडा गेला तो गेलाच. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? लेकीला फोन. पण छे! पस्तीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस, भट्टीच्या तोंडाशी हात धरून 'अजून दोन मिनिटं' सांगणारा. तो एका पालीच्या अंथरुणासाठी लेकीला विचारणार होय? त्याने डबी काढून ठेवली, चटई सरळ प्लगमध्ये खुपसली आणि थोड्या वेळाने तळावर हात ठेवून पाहिला. कोमट. छान कोमट. पेटीच्या भिंतीवर थर्मामीटर चिकटवलेला होता, तोही सव्वीस दाखवत होता. मग झालं तर! भिंतीवरचा थर्मामीटर हवा मोजतो, पालीच्या पोटाखाली काय चाललंय ते त्याला ठाऊक नसतं, हे उस्तादाच्या डोक्यात आलं नाही.

रोज दुपारी चारला लेकीचा फोन यायचा.

"मॅडम कशा आहेत?"

"मजेत."

"खातात ना?"

"खातात की."

डबी बिघडल्यावरही पहिले दोन दिवस ते खरं होतं. मग अळ्या वाटीत तशाच वळवळत राहू लागल्या. मॅडम चटईच्या टोकाला पसरलेल्या, हलायचं नाव नाही. 'ऊब आवडलीय तिला,' असं उस्ताद स्वतःला समजवायचा, आणि पाच मिनिटांनी परत पेटीपाशी. वाटी इकडची तिकडे कर, अळ्या बदल, तळावर हात ठेव. कोमट. मग बेकरीत जायचं आणि पिठात हात घातले की वाटायचं, आत्ता खात असेल का? पण चार वाजले, फोन आला, की तोंडातून आपलं 'मजेत'. असे चार दिवस गेले.

नवव्या दिवशी सकाळी ताई आली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, खालच्याच मजल्यावर राहणारी, इस्पितळात नर्स म्हणून तीस वर्षं काढलेली. जिभेला हाड नाही, पण माणूस सोन्यासारखं.

"काय रे, मेली की काय तुझी पाल? परवा होती तिथेच आहे."

"तोंड सांभाळ. झोपलीय."

"मला उठवून बघू दे." ताईने झाकण सरकवलं, डिवचायला हात आत घातला, बोटं तळाला टेकली आणि "आई गं!" करून तिने हात मागे ओढला. "अरे चटका बसतोय! केवढं तापवलंयस!"

"काहीतरीच काय. कोमट आहे." त्याने तिच्यासमोर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला.

ताई पालीकडे नाही, त्याच्या तळव्याकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली आणि दोन पेले पाणी घेऊन आली. "डोळे मीट. हात लाव. गरम कुठलं सांग."

त्याने दोन्ही पेले धरले. "दोन्ही सारखेच आहेत. चेष्टा करतेस?"

"उघड डोळे."

उजव्या हातातल्या पेल्यातून वाफ निघत होती.

उस्तादाने आधी प्लग उपटला. मग बेकरीत पळत जाऊन पिठाचा थर्मामीटर आणला. नवशिके वापरायचे तो, उस्ताद त्याला 'आंधळ्याची काठी' म्हणून हिणवायचा. तळाला टेकवला. प्लग काढून इतका वेळ झाला तरी त्रेचाळीस. ताईने मॅडमना अलगद उचलून उलटं केलं. पोट लालभडक, मधे दोन फोड, एक फुटलेला.

"अरे देवा," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मॅडमना भिंगातून पाहिलं, मलम लावलं आणि स्वच्छ कागदावर ठेवलं. "यांना पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही," त्या म्हणाल्या. "ऊब मिळाली म्हणून बसतात, आणि भाजेपर्यंत बसून राहतात. नवा थर्मोस्टॅट लावा, वायर नीट चिकटवा, वरून आकडा तुम्ही स्वतः तपासा. हाताने नाही, यंत्राने. जगेल का ते दहा-बारा दिवस सांगता येणार नाही."

दुपारी दोनपर्यंत नवी डबी लागली. उस्तादाने वायर चिकटवली, ओढून पाहिली, परत चिकटवली. मग नुसत्या येरझाऱ्या.

"पोरीला आत्ता काही बोलू नकोस," ताई म्हणाली. "शुक्रवारी परीक्षा आहे तिची. डबी खराब निघाली म्हणून सांगू नंतर. खोटं थोडंच आहे?"

उस्तादाला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. साडेतीनपर्यंत त्याने वाक्यही जुळवून ठेवलं. आठ वर्षांनी दार किलकिलं झालं होतं, ते स्वतःच्या हाताने कोण लावून घेईल? चार दिवस खोटं बोललाच होता, पाचवा काय जड होता? पण पेटीतल्या त्या बाईसाहेब कागदावर पोट टेकवून त्याच्याकडे बघत होत्या, नेहमीच्याच त्या तोंडाने.

चारला फोन वाजला.

"मॅडम कशा आहेत?"

"ती डबी..." तो म्हणाला आणि थांबला. "डबीची वायर मी पाण्यात पाडली. तिसऱ्याच दिवशी. मग चटई सरळ लावली. मॅडम भाजल्यात, पोटाला फोड आहेत. चार दिवस काही खाल्लेलं नाही. मी तुला खोटं सांगत होतो."

तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली, कोरड्या आवाजात. फोड केवढे? पाणी पिते? डॉक्टर काय म्हणाल्या? त्याने एकेक सांगितलं, काही न लपवता.

"तुम्हाला कळलं कसं नाही? तुम्ही तर हाताने..."

"हाताला कळत नाही माझ्या. कधीपासून, तेही माहीत नाही. आज ताईने दाखवलं."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं.

"मी निघून येऊ का?" ती म्हणाली. "परीक्षा सोडून? नीट विचार करून सांगा बाबा. उगाच 'मी बघतो' म्हणू नका."

'मी बघतो' अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"मलम ताई लावेल, माझ्या बोटांना जोर कळणार नाही. आकडा मी वाचेन, चष्मा लावून. तू परीक्षा दे. वाईट काही झालं, तर तेही सांगेन."

"उद्यापासून मी चारला फोन करणार नाही," ती म्हणाली, आणि उस्तादाला वाटलं, दार लागलं. "आजपासूनच नाही. तुम्ही करायचा. दर दोन तासांनी. आकडा सांगायला."

आणि फोन बंद झाला.

त्याने बेकरीत निरोप पाठवला की संध्याकाळची भट्टी तुमच्यापैकी कोणीतरी लावा, आणि थर्मामीटर लावायला लाजू नका. मग खुर्ची पेटीसमोर ओढून बसला. पाच मिनिटं बसवेना, उठला. परत बसला. सहाला दहा कमी असतानाच चष्मा लावून त्याने तळाचा आकडा दोनदा वाचला आणि नंबर लावला. लेकीला स्वतःहून फोन करायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

"एकतीस," तो म्हणाला.

"खाल्लं काही?"

"नाही. अळीकडे बघितलं फक्त. जखम लालच आहे अजून." तो थांबला. "मला भीती वाटतेय गं."

तिचा श्वास ऐकू आला, मग नाक ओढल्याचा आवाज.

"मलाही, बाबा," ती म्हणाली.