साखरबाई स्ट्रायकर्सचा अकरावा गडी

"क्रिकेट आता खेळाडूंचं राहिलेलं नाही. क्रिकेट आता मालकांचं झालेलं आहे!" जयसिंग आबांनी माइकवरून जाहीर केलं आणि तळेगाव ढमढेऱ्याच्या मैदानावर सावकाश नजर फिरवली.

"मालक," पंच भैरू म्हणाला, "पीचवरनं उतरा. चपला रुतत्यात."

आबा उतरले, पण माइक घेऊन उतरले. त्यामुळे भाषण आणखी पाऊण तास चाललं.

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या लीगची ही फायनल, समोर दौंडचा संघ. मांडवगण फराट्याचा संघ आबांनी लिलावात उचलला होता. नाव ठेवलं 'साखरबाई स्ट्रायकर्स'. साखरबाई म्हणजे आबांच्या सौभाग्यवती. घरातून परवानगी मिळवण्याचा तोच एक मार्ग होता. आबा टीव्हीवरच्या मालकांसारखे पांढऱ्या खुर्चीत बसत आणि डावपेच सुचवत.

"मल्हार, ओपनिंगला एक डावा, एक उजवा पायजे."

"आबा, आपल्यात डावा एकच हाय," कप्तान मल्हार म्हणायचा, "त्यो बी फकस्त जेवताना."

खरं तर मालकी आबांना नवी नव्हती. चौथीत असताना अख्ख्या मांडवगणात बॅट एकच, आणि ती जयसिंगची. म्हणून पहिली बॅटिंग जयसिंगची. आउट झाला की म्हणायचा, "पयला ट्रायल बॉल आसतो." कुणी नाही म्हटलं की बॅट काखेत मारून घरी. पुढं गावाचा संघ शिरूरला मॅचला गेला, तेव्हा पोरांनी बॅट मागून नेली आणि जयसिंगला मागं ठेवून गेली. तेव्हाचा कप्तान भैरू.

गावाकडून एकदा खेळायचं राहिलं ते राहिलंच. म्हणूनच आबांनी संघ घेतला, मालकाला ऐनवेळीही अकरात उतरता येईल असा नियम लीगमध्ये घालून घेतला, आणि प्रत्येक मॅचला शर्टाच्या आत जर्सी घालून येऊ लागले. साखरबाईंनी ती दोनदा उसवून सैल केली होती. पण मल्हार त्यांना अकरात काही घेईना.

"तुमाला राखून ठिवलंय आबा. हुकमाचं पान कुणी आधी टाकतं व्हय?"

फायनलला एकच चेंडू उरला, दोन धावा हव्या, आणि नववा गडी पडला.

"विक्रम कुठाय? जा म्हणावं आत!" आबा ओरडले.

"कुरकुंभला कंपनीत गेला," पलीकडच्या टोकावरून मल्हारनं सांगितलं. "सेकंड शिफ्ट. मॅच येळंत सुरू झाली आसती तर खेळून गेला आसता. तुमचं भाषण लांबलं, आबा. तिथलं मशीन अंगठा मागतं, मालक कोण हाय ते इचारत न्हाई."

आबा उठले. शर्टाची बटणं काढली, आत जर्सी होतीच.

"अहो, चष्मा!" मंडपातून साखरबाई ओरडल्या. चष्मा लागला. आबा क्रीजवर गेले.

"नुसती बॅट लावा आन् पळा," मल्हार म्हणाला.

आबांनी बॅट लावली. चेंडू तिथं नव्हता. मधला स्टंप उडाला.

 दौंडच्या पोरांनी वर नेलेले हात तसेच धरले. स्टंप आबांचे, चेंडू आबांचा, मंडप आबांचा, चषक आबांच्या आईच्या नावाचा. बॅट आपोआप आबांच्या काखेत गेली. घर कुठल्या अंगाला आहे, तेही त्यांनी पाहून घेतलं.

त्या अंगालाच धावफलक होता. भैरूच्या लेकीनं, सुषमानं, खडूनं नुकतंच लिहिलं होतं: अकरा, जयसिंग, शून्य.

आबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मांडवगणच्या अकरा नावांत एक त्यांचं होतं. मग त्यांनी वाकून स्टंप उचलला, जागेवर रोवला, दौंडच्या बोलरची पाठ थोपटली आणि चषक दौंडच्या संघाला द्यायला माणूस पाठवला. टाळ्या पडल्या. मल्हारनं तर डोळे पुसले.

आबा टाळ्या झेलत भैरूपाशी गेले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्याच्या कानाला लागले.

"भैरू, तेवढा ट्रायल बॉल धर की."