दुपारच्या झोपेची ओळ

पिन-यूच्या शिक्षण आराखड्यात शाळेने यंदा एक ओळ वाढवली होती: 'दुपारची झोप साहाय्य वर्गात.' ताई सही करायला तयार नव्हती.

माझी भाची आठ वर्षांची, दुसरीत. गणित आणि चिनी ती आधीच साहाय्य वर्गात, म्हणजे खास मदत लागणाऱ्या मुलांच्या वेगळ्या खोलीत, शिकते. बाकीच्या मुलांसोबत तिच्या वाट्याला येतं ते जेवण आणि त्यानंतरची चाळीस मिनिटांची झोप. मुलं बाकावर हातांची उशी करून डोकं टेकतात, दिवे मालवतात आणि पिन-यू गुणगुणायला लागते. सहावीच्या मुली वर्गावर्गातून फिरून शांततेचे गुण देतात. तिच्या वर्गाला महिनाभर शून्य मिळत होतं.

"मुलं तिच्यावर चिडायला लागलीत," आराखड्याच्या बैठकीत वर्गशिक्षिका लाय बाई म्हणाल्या. "मला त्याचीच भीती वाटते."

"म्हणून तिलाच बाहेर काढायचं?" ताई म्हणाली. "झोपायलासुद्धा माझी पोर वेगळ्या खोलीत? उद्या म्हणाल, श्वासही तिकडेच घे."

"पिन-यूच्या आई, तसं नाही हो," विशेष शिक्षणाचं काम पाहणारे शू सर म्हणाले. "तिकडे गाद्या आहेत."

मी भौतिकशास्त्र शिकलेय, म्हणून तयारीने गेले होते. घरी सात दुपारी तिचा आवाज नोंदवून आलेख काढला होता. तो पुढे सरकवला. "घरी ती एकदाही गुणगुणली नाही. म्हणजे अडचण तुमच्या वर्गात आहे."

लाय बाईंनी आलेख नीट पाहिला. "घरी झोपते कशी?"

"गादीवर."

"एकटीच?"

ताई म्हणाली, "माझा हात असतो पाठीवर."

मी खोलीचं तापमानसुद्धा टिपलं होतं. हात मात्र टिपला नव्हता.

"दोन आठवडे द्या," लाय बाई म्हणाल्या.

झोपेच्या वेळात त्या मागच्या टेबलावर वह्या तपासायच्या. आता त्या वह्यांचा गठ्ठा घेऊन पिन-यूच्या बाकाशी बसू लागल्या. डावा हात तिच्या पाठीवर, उजव्या हातात लाल पेन. मी दोनदा जाऊन पाहिलं. पहिल्या दिवशी गुणगुणणं अकरा मिनिटांनी थांबलं, दुसऱ्या आठवड्यात चार मिनिटांनी. शेजारची को-एन डोकं न उचलता कुजबुजली, "बाई, मलापण."

"तुझ्या पाठीपर्यंत माझा हात पुरत नाही. झोप."

पुढच्या बैठकीत शू सरांनी ती ओळ खोडली. "झालं. बाई बघताहेतच. आता लिहायची गरज नाही."

"लिहा," ताई म्हणाली. "तिसरीत नवा वर्ग, नव्या बाई. त्यांना कोण सांगणार?"

"पाठीवर हात, हे सरकारी कागदावर कसं लिहायचं?" शू सरांनी डोकं खाजवलं आणि टाइप केलं: 'स्पर्शाद्वारे भावनिक आधार.'

"हे वाचून कुणाला काय कळणार?" ताई म्हणाली.

लाय बाईंनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. 'झोप स्वतःच्या वर्गात. दिवे मालवल्यावर शेजारी बसून पाठीवर हात ठेवावा. थोपटू नये, ती दचकते. झोप लागली तरी हात लगेच काढू नये.'

ताईने ते दोनदा वाचलं. "दोन्ही खांद्यांच्या मधोमध," ती म्हणाली.

बाईंनी तेही लिहिलं. ताईने पेन मागितलं.