डाव्या हातातला ढेऱ्या

आमच्या कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाची एक रीत आहे. उजव्या हातातली बाहुली बोलते, डाव्या हातातली विचारते. उजवीकडे राजा असो, देव असो, नाहीतर दहा तोंडांचा रावण असो, डावीकडे ढेऱ्या असायचाच. ढेऱ्या म्हणजे आमचा विदूषक. सुटलेलं पोट, एक कान तुटका, आणि तोंडात एकच सवाल, "का वो?" राजाने लढाई पुकारली की ढेऱ्या विचारणार, "का वो?" मग राजाला उत्तर द्यावंच लागणार. त्याशिवाय आमचा खेळ पुढे जात नाही.

ढेऱ्याचे दोरे माझ्या बोटांत, पण आवाज माझ्या बायकोचा, ईरम्माचा. ती कानडी मुलखातली, इंडीकडची. तिच्या मराठीला कानडी हेल होता आणि त्या हेलावर अख्खी गिरणीची चाळ हसायची. मी जन्माचा तापट. घरात तिने काही विचारलं की माझं डोकं फिरायचं, म्हणून ती शहाणी बाई खुंटीवरचा ढेऱ्या काढायची आणि त्याला विचारायला लावायची. "का वो, आज जेवायचं न्हाय का? कुनावर राग हाय?" मला हसू यायचं. बावीस वर्षं आमचा संसार असा त्या लाकडी पोटावर तरला.

सोलापुरात इंग्रजांचा मार्शल लॉ येऊन गेला त्याला चार वर्षं झाली होती. तरी लोक अजून भिंतीच्या कडेकडेने, खाली बघत चालायचे. ज्याची मान एकदा दाबली गेली त्याला ताठ मानेचं भारी अप्रूप. अशा दिवसांत तालमीचा वस्ताद रुद्रप्पा माझ्याकडे आला. त्याची साठ पोरं एकसारखे सदरे घालून कवायत करायची. त्याने मासिकातून फाडलेलं एक चित्र माझ्यापुढे धरलं. परमुलखातला कुणी पुढारी सज्जात उभा होता, आणि खाली नजर पोचेल तिथवर माणसांचे उजवे हात वर गेले होते.

"गुरुबसप्पा, असा एक बाहुला पायजे. नायक म्हनायचं त्येला. त्येची मान वाकली न्हाय पायजे."

"मानेत सांधा नसला तर तो ऐकतोय हे दाखवायचं कसं?" मी म्हणालो.

"त्येला कुनाचं ऐकायचंच न्हाय. त्यो बोलंल, लोक ऐकत्याल. आन् तुमचा त्यो ढेऱ्या नगं."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला बरं वाटलं. आजवर लोक माझ्या खेळाला हसले होते. माझ्यापुढे गप्प कुणी बसलं नव्हतं. पांगाऱ्याचा एकच ओंडका घेऊन मी डोक्यापासून कमरेपर्यंत अखंड नायक कोरला.

पहिला खेळ रविवारी दुपारी तालमीपुढे झाला. चैत्राचं ऊन पडद्याच्या कापडातून दुधासारखं आत झिरपत होतं. रुद्रप्पाने लिहून दिलेलं नायक बोलत होता, "आपलं वाटोळं बाहेरच्यांनी केलं." बोलणारी बाहुली हलते आणि बाकीच्या निश्चल लटकतात, हा आमचा नियम. त्या दिवशी बाकीच्या लटकूनच राहिल्या. माझा डावा हात रिकामा होता. फटीतून बघतो तर सगळे हात एकदम वर गेले, आणि मला प्रत्येक मनगटातून एक काळा दोरा वर जाताना दिसला. आमचे दोरे काळे असत. शेजारचा मैनुद्दीन रंगारी ते रंगवून द्यायचा. हे दोरे मात्र पांढऱ्याफटक आभाळात शिरत होते. धरणारा दिसतो का म्हणून मी वर बघितलं. वर कुणीच नव्हतं. मग ध्यानात आलं, माझा रिकामा डावा हातही वर गेला होता. लहानपणी बापाने खांद्यावर घेतल्यावर वाटायचं तसं हलकं वाटत होतं. कशाचीच भीती उरली नव्हती.

असे आठ रविवार गेले. मैनुद्दीनच्या रंगाच्या हंड्या कुणी फोडल्या आणि तो बायकापोरं घेऊन कुर्डुवाडीला भावाकडे निघून गेला. नायकाने त्याचं नाव कधीच घेतलं नव्हतं. तो नुसता "बाहेरचे" म्हणायचा, त्यात लोक आपापल्या मनातलं नाव घालायचे. घरी ईरम्मा ढेऱ्याला मांडीवर घेऊन त्याचा अंगरखा शिवत बसायची. आठ रविवार तिने मला एकही सवाल केला नाही.

नवव्या रविवारी नायक ऐन रंगात आला असताना ती पडद्याआड शिरली आणि तिने ढेऱ्याला कमरेला धरून, दोऱ्यांशिवायच, त्याच्या शेजारी उभं केलं.

"का वो? बाहेरचे म्हंजी कोन? इंडीची ईरम्माबी का?"

कुणीतरी हसलं असतं तर सगळे हसले असते. उत्तर मी द्यायचं होतं.

"गप!" नायक कडाडला. "हिलाबी भाईर काढा!"

हे शब्द रुद्रप्पाने दिलेले नव्हते. ते माझे होते. असा टाळ्यांचा कडकडाट मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. ईरम्माने ढेऱ्याला हळूच खाली ठेवलं आणि ती गेली. आणि मी खेळ पुरा केला. माझी मला लाज वाटते ती ह्याचीच.

घरी आलो तेव्हा ती गाठोडं बांधत होती. मी करवत घेतली, नायकाची मान कापली, चामड्याचा सांधा बसवला आणि दोरा ओवला. डाव्या हातात ढेऱ्याला उचललं.

"ईरम्मा, विचार की," मी म्हणालो.

ती दारात थांबली. "मी इचारलं की. आता तुमीच इचारा," ती म्हणाली, आणि स्टेशनच्या वाटेला लागली.

घरात दुपार साचून राहिली होती. खुंट्यांवरच्या बाहुल्या वाऱ्याने सावकाश वळून माझ्याकडे तोंड करत होत्या. मी ढेऱ्याचा दोरा ओढला.

"का वो?"

आवाज माझाच होता, हेल नसलेला. उजव्या हाताने मी नायकाचा नवा दोरा सैल सोडला, तशी त्याची मान खाली गेली. आता त्याने उत्तर द्यायचं होतं. त्याशिवाय आमचा खेळ पुढे जात नाही.